सेकंद सरकतायत का?

आमच्या ध्वनिसंग्रहाच्या वेबसाइटवर अगदी तळाला एक फोन नंबर आहे. तो माझा. नंबर देऊ नये, ईमेल पुरे, असं कार्यकारिणीतल्या काहींचं म्हणणं होतं. पण आमचे बरेचसे श्रोते सत्तरी ओलांडलेले. त्यांना ईमेल लिहायला सांगणं म्हणजे तक्रार करू नका असं सांगणंच. नंबर राहिला. तेव्हापासून फोन कधीही येतो आणि पलीकडून पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "आवाज येत नाही."

संग्रह तसा लहान. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावची जुनी व्याख्यानमाला, तिच्या कॅसेट, थोडे स्पूल, गणेशोत्सवातली कीर्तनं, पोवाडे, कुणी हौसेने टेप करून ठेवलेल्या जात्यावरच्या ओव्या. डेकवर कॅसेट लावून आवाज कॉम्प्युटरमध्ये घ्यायचा, साफ करायचा, वेबसाइटवर चढवायचा आणि शेवटी तो लोकांना त्यांच्या त्यांच्या फोनवर, ब्राउझरमध्ये ऐकू येतोय ना ते बघायचं, हे माझं काम. यातलं शेवटचं सोडून बाकीचं शिकवणारे पुष्कळ भेटतात. शेवटच्याला कुणी काम म्हणतच नाही. 'माझ्याकडे तर वाजतंय' एवढं म्हणून ते निकालात काढतात. या वाक्याइतकी चीड मला दुसऱ्या कशाची येत नाही. माझ्याकडे वाजणारच. फाइल माझी, कॉम्प्युटर माझा, टेबलावरचे दोन स्पीकर माझे. ऐकणारा मात्र मी नाही.

तक्रार करणारा माणूस आपल्या परीने सगळं सांगत असतो, फक्त आपल्याला सोयीच्या क्रमाने सांगत नाही. "परवा येत होता." "नातीच्या फोनवर येतो." "गाणी लागतात, तुमचंच तेवढं लागत नाही." मी मध्ये बोलत नाही. त्यांचं सांगून झालं की विचारते, "काका, प्ले दाबल्यावर खालचे सेकंद सरकतायत का?"

या एका प्रश्नाने निम्मी शोधाशोध वाचते. ब्राउझर आवाजाची फाइल वाजवतो तेव्हा एकापाठोपाठ बरीच कामं उरकत असतो. सर्व्हरकडून फाइल मागवायची, ती कुठल्या प्रकारची ते ओळखायचं, दाबून लहान केलेला आवाज उलगडायचा आणि तो फोनच्या हवाली करायचा. पुढे तो स्पीकरमध्ये जाणार की कानातल्या हेडफोनमध्ये, किती मोठ्याने, ते फोन ठरवतो. सेकंद सरकायला लागले की समजायचं, उलगडण्यापर्यंत सगळं सुरळीत झालंय, घोटाळा त्याच्या पुढे आहे. सेकंद शून्यावरच अडले तर घोटाळा अलीकडे, म्हणजे बहुतेक वेळा आमच्याच घरचा.

शून्यावर अडणाऱ्यांत मला सगळ्यात जास्त छळलं ते 'ऱ' या अक्षराने.

फाइलींची नावं मराठीतच हवीत, असा संस्थेतल्या ज्येष्ठांचा आग्रह होता, आणि तो मलाही पटण्यासारखा होता. काही महिने सगळं ठीक चाललं. मग तक्रारी यायला लागल्या, पण अगदी विचित्र. 'कोल्हापूरचे व्याख्यान' लागतं, 'कऱ्हाडचे व्याख्यान' लागत नाही. 'वऱ्हाडी ओव्या' बंद, त्याच यादीतल्या पुढच्या ओव्या चालू. 'शेतकऱ्यांचे प्रश्न' या विषयावरचं एक चांगलं भाषण, तेही बंद. ब्राउझरची तपासणीची खिडकी उघडली, एफ-बारा दाबून जी उघडते ती, तर सर्व्हरचं उत्तर ४०४. म्हणजे या नावाची फाइल माझ्याकडे नाही. सर्व्हरवर जाऊन बघावं तर फाइल समोर बसलेली, नाव अक्षर न् अक्षर तेच.

बंद पडलेल्या फाइलींची नावं एका कागदावर उतरवून काढली आणि मोठ्याने वाचली, तेव्हा उलगडा झाला. प्रत्येक नावात अर्धा 'ऱ' होता. युनिकोडमध्ये हे अक्षर एकसंध म्हणून लिहिता येतं, किंवा साधा 'र' आणि त्याच्याखाली नुक्ता असे दोन तुकडे करूनही लिहिता येतं. काही कीबोर्डांवर तर 'र', हलन्त आणि एक न दिसणारा सांधा अशी तिसरीच मोट बांधली जाते. डोळ्यांना तिन्ही सारखीच दिसतात. आमचा एक तरुण स्वयंसेवक फाइली त्याच्या जुन्या मॅकवरून पाठवायचा. त्या मॅकची एचएफएस प्लस नावाची साठवणूक-पद्धत नावं जपून ठेवताना अशी जोडअक्षरं फोडून ठेवते. वेबसाइटच्या पानावरचं नाव मात्र मी माझ्या कीबोर्डवर एकसंध 'ऱ' वापरून टाइप केलेलं. लिनक्सवर चालणारा सर्व्हर अक्षर बघत नाही, बाइट बघतो. बाइट वेगळे, म्हणजे फाइल वेगळी, म्हणजे ४०४. दोघंही आपापल्या जागी बरोबर आणि भाषण बंद.

ही चूक इंग्रजी नावांत कधी सापडलीच नसती, आणि इंग्रजीत काम करणाऱ्या कुणाला ती सांगितली तर खरी वाटत नाही. त्यानंतर मी फाइलींना रोमन अक्षरं आणि आकडे यांचीच नावं दिली. मराठी नाव पानावर, मोठ्या ठळक टायपात. ज्येष्ठ थोडे नाराज झाले. पण 'शेतकऱ्यांचे प्रश्न' ऐकू यायला लागल्यावर विषय मागे पडला.

दुसरा प्रकार वेशांतराचा. लोक आपल्याकडची रेकॉर्डिंग आम्हाला प्रेमाने पाठवतात. फाइलीच्या शेवटी 'डॉट एमपीथ्री' लिहिलेलं असतं आणि ब्राउझर ती घेत नाही. कीपॅडवाल्या फोनच्या जमान्यात बऱ्याच फोनवर आवाज एएमआर नावाच्या प्रकारात टेप व्हायचा. तो फोनवरच्या बोलण्यासाठी बनवलेला, सेकंदाला आवाजाचे फक्त ८००० नमुने घेणारा. सीडीवर हाच आकडा ४४,१०० असतो. ब्राउझर सहसा एएमआर वाजवत नाहीत. मग कुणीतरी हुशार पुतण्या फाइलीचं शेपूट बदलून एमपीथ्री करतो. नाव बदललं म्हणून आतला माल बदलत नाही. अशी फाइल आली की मी ती साध्या नोटपॅडमध्ये उघडते. पहिली चार-पाच अक्षरं सोडून बाकी सगळा कचरा दिसतो, पण त्या चार-पाच अक्षरांत फाइलीची खरी जात असते. वेव्ह फाइल 'आर-आय-एफ-एफ' या अक्षरांनी सुरू होते, ऑगवर 'ऑग' आणि मोठा 'एस' असतो, एमपीथ्रीच्या सुरुवातीला बहुतेकदा 'आयडी-थ्री' असतं आणि एएमआर तर स्वतःचं नावच लिहून येतो. एकदा एका कीर्तनाच्या फाइलीत पहिल्याच ओळीत 'एचटीएमएल' दिसलं. पाठवणाऱ्याने कुठल्याशा साइटवरून कीर्तन उतरवून घेतलं असं त्याला वाटत होतं. उतरलं होतं ते 'आधी लॉगिन करा' सांगणारं पान. फाइलीचा आकार बघूनच शंका यायला हवी. पंधरा मिनिटांचं कीर्तन काही किलोबाइटमध्ये मावत नाही.

आता जुने फोन संपले आणि व्हॉट्सॲपची व्हॉइस नोट आली. ती ओपस या पद्धतीने दाबलेली आणि ऑगच्या डब्यात भरलेली असते. ओपस ही २०१२ मध्ये प्रमाणित झालेली पद्धत, तंत्र म्हणून उत्तम. कमी जागेत बोलणं इतकं स्वच्छ ठेवणारी दुसरी पद्धत मला माहीत नाही. पण डबा ऑगचा असल्यामुळे आयफोनवरचा सफारी ब्राउझर वर्षानुवर्षं तो उघडत नव्हता, अलीकडे उघडायला लागला. जुने आयफोन वापरणाऱ्यांना अजूनही शून्यच दिसतं.

हा डब्यांचा आणि दाबण्याच्या पद्धतींचा घोळ जुना आहे. ब्राउझरने स्वतःच आवाज वाजवावा, बाहेरची मदत लागू नये, असं ठरलं तेव्हा सगळ्यांनी एक तरी प्रकार सक्तीने वाजवावा अशी कल्पना पुढे आली होती. एचटीएमएल पाचच्या मसुद्यात ऑग व्हॉर्बिसची शिफारस होती. ती २००७ च्या डिसेंबरात काढून टाकली गेली, कारण मोठ्या कंपन्यांचं त्यावर एकमत होईना. एमपीथ्रीवर पेटंटं होती, म्हणून मुक्त ब्राउझरांना ती पद्धत नको होती. २००९ मध्ये फायरफॉक्सची ३.५ ही आवृत्ती आली. ती ऑग वाजवायची, एमपीथ्री नाही. सफारीचं नेमकं उलट. परिणाम असा की प्रत्येक भाषणाच्या दोन फाइली सर्व्हरवर ठेवायच्या, एक याच्यासाठी, एक त्याच्यासाठी, आणि जागेचं भाडं दुप्पट भरायचं. पुढे फायरफॉक्सही एमपीथ्री घ्यायला लागला. मग २०१७ मध्ये जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेने एमपीथ्रीचा परवाना-कार्यक्रम बंद केला, पेटंटं संपली, आणि तेव्हा कुठे मी सर्व्हरवरच्या ऑग फाइली काढून टाकल्या. प्रमाणपुस्तकात मात्र आजही आवाजाचा एकही प्रकार सक्तीचा नाही.

या भांडणात एक मधला काळ फ्लॅशचा गेला. आमची जुनी वेबसाइट फ्लॅशच्या प्लेअरवर चालायची. ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा पाठिंबा थांबवला आणि १२ जानेवारी २०२१ पासून फ्लॅश प्लेअर मजकूर वाजवायचंच नाकारायला लागला. सूचना साडेतीन वर्षं आधी मिळालेली होती, त्यामुळे आम्ही वेळेत हललो. शेजारच्या जिल्ह्यातली एक संस्था हलली नाही. तिची भजनं त्यानंतर ब्राउझरमध्ये ऐकायला मिळाली नाहीत.

सेकंद शून्यावर अडण्याचं आणखी एक कारण मला फार शिकवून गेलं. अमेरिकेत राहणाऱ्या आमच्याच गावच्या एका डॉक्टरांचा फोन आला. वडिलांचं १९८० च्या दशकातलं भाषण त्यांना ऐकायचं होतं. आयफोनवर काहीच होत नव्हतं. गावातल्या अँड्रॉइड फोनांवर तेच भाषण व्यवस्थित वाजत होतं. व्यवस्थित म्हणजे, कुणी पट्टीवर बोट ठेवून पुढे सरकवायला गेलं की ते पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचं, एवढंच. लोकांना वाटायचं ते असंच असतं. दोन्ही तक्रारींचं मूळ एक होतं. ब्राउझर मोठी फाइल सगळी एकदम मागत नाही, तुकड्यांनी मागतो. सफारी तर आधी फक्त पहिले दोन बाइट मागून सर्व्हरची परीक्षा घेतो. सर्व्हरने २०६ क्रमांकाचं उत्तर द्यायला हवं, 'हा घ्या मागितलेला तुकडा' असं. आमचा सर्व्हर २०० म्हणून सगळी फाइल अंगावर टाकत होता. सफारी अशा सर्व्हरच्या नादी लागत नाही. क्रोम वाजवतो, पण मधूनच उडी मारता येत नाही.

सर्व्हर मुळात असा नव्हता. वेबसाइट आधी ज्याने बनवली त्याने, कोणतं भाषण किती जणांनी ऐकलं ते मोजण्यासाठी, प्रत्येक फाइल एका छोट्या प्रोग्रामच्या हातून द्यायची व्यवस्था केली होती. वार्षिक अहवालात आकडे छान दिसायचे. त्या प्रोग्रामला तुकडे देता येत नव्हते. मी तो काढला, फाइली सरळ सर्व्हरकडून जायला लागल्या, डॉक्टरांनी वडिलांचा आवाज ऐकला. अहवालातला तक्ता गेला. कार्यकारिणीच्या बैठकीत तो कुठे गेला हे विचारलं गेलं, आणि ऐकणारे मोजण्यापायी ऐकणंच बंद होत होतं हे मी सांगितलं. त्यावर फारशी चर्चा झाली नाही.

कुलूपवाल्या पत्त्याचं एका वाक्यात सांगते. साइट 'एचटीटीपीएस'वर गेली, आवाजाच्या फाइली मात्र जुन्या, विनाकुलूप सर्व्हरवरच राहिल्या, तर २०२० पासून क्रोम त्या आपणहून कुलपाच्या पत्त्यावर शोधतो आणि तिथे सापडल्या नाहीत तर वाजवत नाही. सगळ्या फाइली एकाच कुलपाखाली आणल्या की प्रश्न मिटतो.

आता सेकंद सरकतायत आणि तरी आवाज नाही, त्यांची गोष्ट.

यातल्या निम्म्या तक्रारी हसून सोडवायच्या असतात. आवाज ब्लूटूथने नातवाच्या स्पीकरवर गेलेला असतो, नातू वरच्या खोलीत अभ्यास करत असतो आणि त्याच्या डोक्यावर अचानक पोवाडा कोसळतो. क्रोममध्ये त्या साइटचा आवाज कुणीतरी बंद करून ठेवलेला असतो आणि टॅबवर बारीकसं खोडलेल्या स्पीकरचं चित्र असतं. किंवा आयफोनच्या कडेचं शांततेचं बटण खाली असतं. हे शेवटचं जरा फसवं. पानात साध्या पद्धतीने बसवलेला आवाज त्या बटणाला जुमानत नाही, वाजतो. पण लाटांची चित्रं वगैरे काढणारा नवा प्लेअर बसवला की आवाज वेगळ्या यंत्रणेतून जातो, तिला वेब ऑडिओ म्हणतात, आणि ती यंत्रणा बटणाचं ऐकते. त्याच यंत्रणेची आणखी एक खोड आहे. फाइल दुसऱ्या सर्व्हरवर असेल आणि त्या सर्व्हरने परवानगीचा हेडर दिला नसेल, तर ब्राउझर फाइल वाजवतो, सेकंद पळवतो आणि आवाजाच्या जागी नुसती शून्यं पाठवतो. कसलीही चूक दाखवत नाही, फक्त तपासणीच्या खिडकीत एक पिवळी ओळ टाकतो. लाटांची चित्रं सुंदर दिसत होती. ती मी काढून टाकली.

पण या गटातली खरी गोष्ट एका निवृत्त गुरुजींची. ते फोनवर म्हणाले, "ताई, कानात घातलं की बोलतात, काढलं की गप्प बसतात." व्याख्याते, असं त्यांना म्हणायचं होतं. सेकंद सरकत होते. बाकीची गाणी, बातम्या स्पीकरवर नीट वाजत होत्या. आमचीही जुनी, कॅसेटवरची भाषणं वाजत होती. गप्प बसायची ती फक्त नंतरच्या काही वर्षांतली. गुरुजींनी तोवर बाजारातल्या दुकानात फोन दाखवून स्पीकर बदलून घेतला होता. दुकानदाराने पैसे घेतले, नवा स्पीकर बसवला, व्याख्याते गप्पच.

माझ्या टेबलावर तेच भाषण वाजत होतं. पण आता लक्ष देऊन ऐकलं तर आवाज दोन स्पीकरच्या मधोमध बसत नव्हता. कुठून येतोय ते सांगता येऊ नये असा पोकळ, पसरलेला. मग घरात पडलेला एक स्वस्तातला जुना फोन काढला, एकच स्पीकर असलेला, आणि त्यावर लावलं. नुसती बारीक सरसर. माणूस नाही.

झालं होतं असं. कॅसेट संपल्यानंतर काही वर्षं व्याख्यानं थेट लॅपटॉपवर टेप व्हायची. मांडवातल्या साऊंडवाल्याच्या मिक्सरमधून एक वायर काढायची आणि लॅपटॉपच्या भोकात घालायची. मिक्सरची ती वायर 'बॅलन्स्ड' प्रकारची. तिच्यात एकच आवाज दोन तारांवरून जातो, एका तारेवर सरळ, दुसरीवर उलटा. लांब वायरीत वाटेवर जी विजेची घरघर शिरते ती दोन्ही तारांवर सारखीच शिरते, म्हणून पलीकडे दोन तारांतला फरक घेतला की घरघर उडते आणि आवाज उरतो. मोठ्या मांडवासाठी ही पद्धत फार चांगली. पण लॅपटॉपला हे कुणी सांगितलेलं नसतं. त्याला दोन तारा दिसतात, तो समजतो एक डावा कान, एक उजवा. डाव्या बाजूला सरळ आवाज भरला जातो, उजव्या बाजूला तोच उलटा. हेडफोन घातला तर प्रत्येक कानाला आपापली बाजू मिळते आणि बोलणं ऐकू येतं. एकच स्पीकर असलेला फोन मात्र डावं आणि उजवं यांची बेरीज करतो. एकाच दाराला दोन्ही बाजूंनी सारख्याच जोराने ढकलावं तसं होतं, दार हलत नाही. बेरीज शून्य.

फाइल बिघडलेली नव्हती, ब्राउझरचा दोष नव्हता, फोनचा नव्हता, मी वापरलेल्या एमपीथ्रीचाही नव्हता. दोष होता मांडवातल्या एका वायरीचा, व्याख्यान झालं त्या संध्याकाळचा. दुरुस्ती अगदी सोपी. ऑडॅसिटी नावाचा मोफत प्रोग्राम आहे, त्यात फाइल उघडायची, दोन बाजू वेगळ्या करायच्या, उजवी पुसून टाकायची, उरलेली मोनो म्हणून साठवायची. काहीही गमवावं लागत नाही, कारण दोन्ही बाजूंना मुळात एकच आवाज होता. मग त्या वायरीने टेप झालेली सगळी भाषणं मी एकेक करून तपासली. साऊंडवाल्याला भेटून मोनो आवाज लॅपटॉपला कसा द्यायचा ते समजावून घेतलं. त्याला ते आधीपासून माहीत होतं. "कुणी विचारलंच नाही हो, तुमची पोरं यायची, वायर घालायची, जायची," असं तो म्हणाला.

गुरुजींचं ते एक वाक्य, कानात घातलं की बोलतात, काढलं की गप्प, यात सगळं निदान होतं. त्यांनी ते वर्षभर भेटेल त्याला सांगितलं होतं. प्रत्येकाने स्पीकर बघायला सांगितलं.

माझा ठरलेला प्रश्न एका ठिकाणी मात्र कामाचा नव्हता. पुण्यात शिकणाऱ्या, दृष्टी नसलेल्या एका विद्यार्थिनीचा फोन आला होता. आवाज येत नाही. मी सवयीने विचारलं, सेकंद सरकतायत का. ती शांतपणे म्हणाली, "ताई, मला ते दिसत नाहीत. मला नुसतं बटण, बटण, बटण असं ऐकू येतं." ती स्क्रीन रीडर वापरत होती, पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्राम. लाटांवाल्या त्या देखण्या प्लेअरची बटणं चित्रांची होती, त्यांना नावं नव्हती. काहींवर कीबोर्डने पोचताच येत नव्हतं. आवाज येत नव्हता कारण प्ले कुठलं तेच तिला कळत नव्हतं. आवाजाचा संग्रह, आणि ज्यांचा वाचनाचा आधारच आवाज आहे त्यांच्यासाठी बंद! ब्राउझरचा स्वतःचा, साधा, राखाडी प्लेअर दिसायला रुक्ष असतो. पण त्याची बटणं स्क्रीन रीडरला आपलं नाव सांगतात. स्पेसबार दाबला की वाजतो, बाणाने पुढे सरकतो. लाटा काढल्यानंतर तोच बसवला.

वेबसाइट उघडताच तानपुरा वाजावा, अशीही एकदा सूचना आली होती. २०१८ च्या एप्रिलपासून क्रोम न विचारता वाजणारा आवाज अडवतो, सफारीने त्याआधीच ते सुरू केलं होतं. ब्राउझरवाल्यांनी आजवर केलेल्या नियमांत मला सगळ्यात आवडलेला हाच. तानपुरा राहूनच गेला.

इतकी वर्षं हे केल्यावर माझं मत अगदी कंटाळवाणं झालंय. लोकांनी ऐकायचं बोलणं मोनो एमपीथ्रीत असावं, सेकंदाला ६४ किलोबिट. एका तासाला २९ एमबीच्या आत बसतं, खेड्यातल्या नेटवर्कवरही वाजतं, आणि जुन्यातला जुना फोनही ते नाकारत नाही. संगीत असेल तर स्टिरिओ आणि १२८. फाइलीचं नाव रोमन, मधे जागा नको. सर्व्हरने ती सरळ द्यावी, तुकड्यांत द्यावी. प्लेअर ब्राउझरचाच. चढवलेली प्रत्येक फाइल घरातल्या सगळ्यात स्वस्त फोनवर, हेडफोन न लावता, एकदा शेवटपर्यंत सरकवून ऐकावी. आणि मूळ प्रत वेगळी, न दाबलेल्या वेव्हमध्ये, २४ बिट आणि ९६ किलोहर्ट्झला ठेवावी. स्टिरिओ असेल तर तासाला जवळजवळ २ जीबी लागतात. लागू द्यावेत, डिस्क आता स्वस्त आहेत. ही प्रत ब्राउझरसाठी नाही. उद्या एमपीथ्रीच्या जागी दुसरं काही आलं तर त्यासाठी आहे.

तुमच्या माळ्यावर वडिलांच्या, आजीच्या आवाजाच्या कॅसेट असतील तर टेपरेकॉर्डरसमोर फोन धरून व्हॉइस नोट करू नका. डेकच्या लाइन-आउटमधून वायरीने कॉम्प्युटरमध्ये घ्या, किंवा जवळच्या जाणकाराकडून घेववा, आणि वेव्हची प्रत मागून घ्या. हे यंदाच करा. कॅसेटची पट्टी तडकते, डेकचे रबरी पट्टे ढिले पडतात, आणि डेक दुरुस्त करणारे कारागीर दरवर्षी कमी होतायत.